धावपट्टीचे दिवे

"तिसऱ्यांदाही उतरायला जमलं नाही, तर वैमानिक परत जाईल," वेस्टन शेजारच्या गाडीतून म्हणाला. ऑरिनने स्टिअरिंग घट्ट धरलं.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या बेटावरच्या धावपट्टीला दिवे नव्हते. अंधारात रुग्णविमान यायचं झालं की गावातल्या पिकअप गाड्या दोन्ही कडांना उभ्या राहत आणि हेडलाइट लावत. आज नोव्हेंबरचं धुकं दाटलेलं, पाचलाच काळोख. आणि मागच्या व्हॅनमध्ये ऑरिनची लेक जोलीन. आठवा महिना, रक्त थांबत नव्हतं.

सकाळी याच ऑरिनने शाळेबाहेर, केक विकणाऱ्या बायकांच्या टेबलापाशी, सगळ्यांना हसवलं होतं. राज्याने कर्जरोखे काढून छोटे विमानतळ सुधारावेत का, असा प्रश्न आज मतदानाला होता. "कर्ज काढून दिवे कशाला रे, वेस्टन? गाड्यांच्या बॅटऱ्या मेल्यात का आपल्या?" असं म्हणून तो ऐटीत आत गेला आणि 'नाही'वर खूण करून आला.

वर घरघर वाढली. धुक्यातून दोन दिवे थेट वेस्टनच्या गाडीवर आल्यासारखे आले. वेस्टनने गाडी तसूभर हलवली नाही. चाकं टेकली, तेव्हा ऑरिनला रडू फुटलं.

विमानात जोलीनसोबत तिच्या नवऱ्यापुरतीच जागा होती.

विमान उडताच ऑरिन तडक शाळेत गेला. लाकडी मतपेटीशी मतदान अधिकारी अर्डेल सकाळपासून बसून होती. पेटीचा दांडा फिरवला की कागद आत जाई आणि घंटा वाजे.

"अर्डेल, माझं मत काढून दे. चुकलं माझं."

"घंटा वाजली की मत पेटीचं झालं. लहानपणापासून बघतोयस तू."

"अगं, माझी पोर..."

"ऐकलंय मी. काही कळलं?"

"अजून नाही."

"मग बाहेर थांब. इथे त्या प्रश्नावर एक शब्द बोललास, तर मलाच तुला घालवावं लागेल." तिचा आवाज मात्र हळवा झाला होता.

मतदान अजून चालू होतं. बंदरावरून सुटलेली माणसं अंधारात चाचपडत येत होती. ऑरिनने पिकअप शाळेच्या दारासमोर आणली, इंजिन बंद केलं आणि हेडलाइट लावले. वाट दारापर्यंत उजळली.

अर्डेल दारात आली. "ऑरिन, प्रचार चालणार नाही हं."

"मी कुठं बोलतोय?"

ती उजळलेल्या वाटेकडे बघून आत गेली.

"अरे, बॅटरी उतरेल तुझी!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"उतरू दे," ऑरिन म्हणाला. मांडीवरचा फोन अजून गप्पच होता.