सत्तर डिग्री

त्र्याण्णव साली इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नव्या केबल टाकायचं काम चालू होतं. वायरमन ज्ञानूतात्या इंजिनियर विजयसिंहला म्हणाले, "साहेब, ट्रेमधली केबल नव्वद डिग्री सोसंल, पण पॅनेलमधी ती जिथं जोडायची, ते टर्मिनल सत्तरचंच हाय. जाड केबल घ्या, कमी तापंल."

विजयसिंहनं बारीकच टाकली. गळीत हंगामात टर्मिनल जळून पॅनेल फुटलं आणि तात्या गेले. चौकशीत ठपका तात्यांवरच आला, तेव्हा विजयसिंह गप्प बसला.

चार वर्षं धड झोप नाही. शेवटी तात्यांच्या गावी, निरवांगीला जाऊन तो त्यांच्या बायकोसमोर बसला. "ताईबाई, चूक माझी होती. तात्यांनी मला बजावलं होतं."

"ठाव हाय. घरी येऊन सांगितलं हुतं त्यांनी," ताईबाई म्हणाल्या.


मग त्याच पुढं बोलल्या, "म्हणले, साहेब शिकल्यालं हायत, माझंच चुकत आसंल."