पुरे वीस

नशेच्या गोळ्या विकणाऱ्या गुड्डूला कोर्टाने वीस वर्षांची शिक्षा सुनावली. याआधी दोनदा तो पकडला गेला होता आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत सुटून कॅम्प-१ वस्तीतल्या त्याच गल्लीत परतला होता. या वेळी कायदा कडक झालेला होता आणि शेजारच्या गयाबाईंनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली होती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गुड्डूची बायको दुर्गा गयाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. तांदूळ पाखडणारे गयाबाईंचे हात थांबले.

"शिव्या द्याच्या असन तं दे बाई," त्या म्हणाल्या. "पण मी खोटं नाही बोलली."

"शिव्या कावून देऊ काकू? एकच विचाराचं हाये. वीस म्हणजे पुरे वीस ना? पहिल्यासारखा मधातच तं नाही सुटून येनार?"

"नवा कायदा बहुत कडक हाये म्हने वकीलसाहेब," गयाबाई अपराध्यासारख्या हळूच म्हणाल्या. "लवकर नाही सुटत वं आता."

ते ऐकून दुर्गा उंबरठ्यावरच मटकन बसली. पदराने तोंड पुसून तिने एक मोठा श्वास सोडला.

"पकडला त्या हप्त्यात आमच्या टीनाच्या दप्तरात गोळ्या भरून तिले धाडाले लागला होता तो. दहा वर्षांची हाये काकू माही पोरगी. आता बाप घरी येईन, तवा ती तीसची राहीन."