कुंकवाचं बोट

शंभर डॉलरच्या नोटा काचेखालून सरकवताना विजयमालाने एक वाक्य गिळलं.

रोजचंच वाक्य होतं. नवी पेठेतल्या त्या परदेशी पैसे बदलून देणाऱ्या दुकानात गेली सहा वर्षं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवत आली होती. नोटांची घडी घालू नका, त्यांच्यावर काही लिहू नका, आणि देवापुढे ठेवाल तर हळदकुंकू लावू नका. डाग पडलेला डॉलर तिकडे बदलून देत नाहीत, सरळ हातात परत ठेवतात. सोलापूरकरांना हे शेवटचं सांगावंच लागतं. घरात लक्ष्मी आली की बोट कुंकवात बुडालंच म्हणून समजा.

आणि काचेपलीकडे तर गुरुसिद्धप्पा उभा होता. साड्यांचा व्यापारी, साड्यांच्या कंपनीच्या खर्चाने व्हिएतनामला, हनोईला निघालेला. कपाळावर विभूती, केस आता पांढरे. त्याच्या घरी पैसा आधी देवघरात जातो, एकेका नोटेला कुंकवाचं बोट लागतं आणि मगच तो खर्चाला बाहेर पडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या बोटानेच तिला चोर ठरवलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी ती त्याच्या दुकानात साड्या दाखवायला होती. एका दुपारी गल्ल्यात पाचशेची नोट कमी भरली. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना त्याने तिची पर्स गादीवर उपडी केली. कंगवा, डब्यातला चमचा, एसटीचा पास आणि पाचशेची एक नोट. नोटेवर कुंकू. "हे माज्या घरचं कुंकू हाय," तो म्हणाला, आणि निकाल लागला. ती नोट मालकीणबाईंनीच दिवाळीत तिची ओटी भरताना घातली होती. ती परोपरीने सांगत राहिली. मालकीणबाई माहेरी, दुधनीला गेल्या होत्या. एक फोन करायचा होता, तो कुणी केला नाही. पुढे तीन वर्षं पेठेत तिला कुठल्या दुकानदाराने दारात उभं केलं नाही.

"झालं का, मॅडम?" गुरुसिद्धप्पाने विचारलं. त्याने तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. तिचा आणखीच संताप झाला.

"झालं," ती गोड हसली. "नीट सांभाळून न्या."

दुपारचा डबा तिला त्या दिवशी फार रुचकर लागला. हनोईतल्या काउंटरवर गुरुसिद्धप्पा उभा आहे, मागे रांग लागलीय, पलीकडची बाई एकेक नोट उजेडात धरून मान हलवतेय आणि त्याला चारचौघांत पाकीट उलटं करावं लागतंय. ती हे चित्र पुन्हा पुन्हा बघत होती आणि तिचं मन भरत नव्हतं.

संध्याकाळी हिशेब लागेना. शंभर डॉलरची एक नोट कमी. दुकानाचा मालक चन्नवीर वयाने तिच्याहून लहान, स्वभावाने मऊ. तीनदा मोजून तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. जायच्या आदी पर्स तेवढी दाखवा की."

तिने स्वतःच ती टेबलावर उपडी केली. काही निघालं नाही. "उद्या बघू," चन्नवीर म्हणाला, पण तो नजर देत नव्हता. सुडाच्या आनंदात आपण गुरुसिद्धप्पाला दहाऐवजी अकरा नोटा दिल्या, हे तिच्या लक्षात आलं ते रिक्षात बसल्यावर. आता त्या माणसाच्या दारात जाऊन नोट मागायची? जीव गेला तरी नाही.

सकाळी शटर वर जातं न जातं तोच गुरुसिद्धप्पा पायरीवर हजर.

"काल एक जास्त आली," त्याने नोट काउंटरवर ठेवली. "पूजेला बसलो तवा कळलं."

चन्नवीरने सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याला नोटेवरचा लाल ठिपका दिसला. "अहो, हिला कुंकू लावलंय. तिकडं चालत न्हाई असलं. बाकीच्या दहालाबी लावलं का?"

"लावलं की."

चन्नवीर तिच्याकडे वळला. "बाई, तुमी सांगितलं न्हवतं ह्यांना?" ते वाक्य जो सांगणार नाही त्याला इथे जागा नाही, हे त्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिने तोंड उघडण्याआधीच गुरुसिद्धप्पा बोलला, "सांगितलं व्हतं की. माजंच ध्यान न्हवतं."

मग तो काचेजवळ वाकला. आवाज खाली आला. "रात्री पावतीवर तुजी सही बघितली, विजयमाला. तवाची नोट कुणी दिलती, ते घरची दुधनीहून आल्यावर बोलली मला. तुज्याकडं यायला तोंड न्हवतं. आज एवढं तरी माज्याकडनं घे."

चौदा वर्षं याला माहीत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एक खोटं बोलून हा आता हलका होणार होता आणि खुशाल हनोईला जाणार होता. वर तिने त्याचे उपकार मानायचे.

तिने ती नोट चन्नवीरपुढे सरकवली. "मी सांगितलं न्हाई. मुद्दाम न्हाई सांगितलं."

मग काचेपलीकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "केलं न्हवतं, ते तुमी माज्या नावावर घातलं. आता केलंय, ते तरी माज्या नावावर ऱ्हाऊ द्या."