दार कुठं होतं

डोंगर खचून वाडीवर आला त्याला आठ वर्षं झाली. यंदा कुठं वर जायची पायवाट मोकळी झाली, आणि शिमग्याची पालखी जुन्या वाडीत निघाली. पालखीतली देवी दर घराच्या दारातच बसायची. पण वर घर नव्हतं. कमरेएवढं पिवळं गवत तेवढं हळूहळू हलत होतं.

"दार इथं," चंद्रभागेनं काठी रोवली.

"वैनी, दार त्या आंब्याच्या रेषेत." तिचा उंचाडा दीर महिपत दहा पावलं वर उभा होता. "जन्मलोय मी त्या घरात."

"जन्मलात तुमी, सारवलंय मी. सारा जन्म चौकटीला डोकं आपटलंत, तरी दार कळंना!"

लोक हसले. ढोल थांबला. खांदेकरी पाय बदलत उभे राहिले. चंद्रभागेनं काठी आणखी खोल दाबली. जागा चुकली तर देवी तिच्या घराला वगळून पुढं जाणार. आणि खरं म्हणजे तिलाही ठावं नव्हतं. रोज झोपेत ती त्या घरात जायची, आणि रोज दार वेगळ्याच अंगाला असायचं. हे ती मेली तरी कुणाला सांगणार नव्हती.

नात सेजल दगडावर बसून, काकानं मुंबईहून आणलेली उडत्या नभराजची दोन पुस्तकं चाळत होती.

"गो आजी, ह्यात नभराजचा ग्रह बर्फाचा हाय. आणि ह्यात सोन्याची झाडं, लाल नद्या. मग तो फुटला. खरा कुठला?"

"लिवणारा गेलता काय बघाया?"

"नाय. कोणच वाचला नाय. नभराज एकटा, तोपण पाळण्यात होता. डोंगर आला तवा मी होते तसा."

चंद्रभागा गवताकडं बघत राहिली. मग तिनं काठी उपटली.

"ये इकडं. तुला वाटंल तिथं उभी ऱ्हा."

"पोरीला काय ठावं, वैनी?" महिपत म्हणाला.

"तुमाला ठावं हुतं ते बघितलं. माझंबी बघितलं."

सेजल गवतात शिरली. इकडं गेली, तिकडं गेली, आणि दोघांच्या मधेच कुठंतरी थांबली. "इथं."

"बसवा," चंद्रभागा म्हणाली.

देवी बसली. चंद्रभागेनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली, आणि लुगडं सावरून, पाय चांगला उंच उचलून आत गेली. सेजलनंही तसाच पाय उचलला.

मागनं महिपत आला. उघड्या आभाळाखाली, त्याच जागी, मान वाकवून.