घाबरलेल्यांची रांग

"ही बाई घाबरलेलीच नाही," साहेब हेडफोन काढत म्हणाले. "टाका मागे."

रुग्णवाहिकेच्या फोनसाठी त्यांनी नवं यंत्र बसवलं होतं. ते बोलणाऱ्याच्या आवाजातली भीती मोजायचं. जो जास्त घाबरलेला, त्याला आधी गाडी. शांत माणसांची साहेबांना शिसारी यायची.

"कृपया म्हणे! जीव चाललेला माणूस कृपया म्हणतो? रिकामटेकडी माणसं, दुसरं काय!"

"काहींना ओरडायची सवयच नसते, साहेब," वीस वर्षं फोन घेत आलेली जुनी ऑपरेटर म्हणाली.

"बाई, यंत्राला शिकवू नका. शब्द फसवतात, आवाज फसवत नाही. नाटक्यांनाही ते बरोबर पकडतं."

रात्री जेवताना साहेबांनी हे सगळं तिखटमीठ लावून बायकोला सांगितलं. ती हं-हं करत वाढत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात खळखळून हसली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "हळू. शेजारी ऐकतील." त्यानंतर त्या घरात आवाज एकाचाच. बायकोच्या डोक्यात काही शिरत नाही, हे त्यांचं जुनं मत. म्हणून तिने प्रश्न विचारला तेव्हा त्यांना गंमतच वाटली.

"म्हणजे हळू बोललं तर गाडी येतच नाही?"

"येते की! सावकाश, सगळ्यांच्या शेवटी. तुला काय करायचंय? ताटात काय संपलंय ते बघ."

तिने बघितलं आणि वाढलं.

रविवारी सकाळी दाढी करताना साहेबांच्या छातीत कळ आली. बेसिन धरता धरता ते खाली कोसळले. बायको आली. तिने आधी वाहता नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि फोन लावला.

"नमस्कार. आमच्या ह्यांच्या छातीत दुखतंय. कृपया गाडी पाठवता का?"

"आपला क्रमांक एकतिसावा आहे," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "कृपया थांबा."

साहेबांना घाम फुटला. रडायचं, किंचाळायचं, निदान आवाज तरी चढवायचा! या बावळट बाईला एवढंही जमू नये?

"ओरड," ते कसंबसं पुटपुटले. "अगं, ओरड ना!"

ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली. टॉवेलने त्यांच्या गालावरचा फेस हलकेच पुसला.

"हळू," ती म्हणाली. "शेजारी ऐकतील."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं.