दोन कड्या

“पोत्यांले आंघोळ घालता का, बाबा?” हरीओमने विचारलं, आणि रामसिंग मिस्त्री हातातली फक्कीची मूठ तशीच धरून हसत सुटला.

रिसोडच्या रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटवर नव्या घराच्या खोल्या पांढऱ्या फक्कीने जमिनीवर आखल्या जात होत्या. बाथरूम मागच्या अंगाला आणि त्याचं दार मधल्या खोलीतून, इथवर सगळ्यांना पटलं होतं. पण हरीओमचे वडील दौलतराव म्हणत होते, बाथरूमला दुसरं दार पाहिजे, शेजारच्या कोठीतून. कोठीत सोयाबीन आणि तुरीची पोती राहणार होती. तरी त्या कोठीलाही त्यांनी मोठी खिडकी सांगून ठेवली होती.

“घालीन आंघोळ. तुले काय करा लागते?” दौलतराव म्हणाले. “रामसिंग, दार सोड.”

दार म्हणजे रेषेतली मोकळी जागा. रामसिंगने मूठ आवळली, पाऊलभर सरकला आणि पुढून पुन्हा फक्की सोडायला लागला.

“अन् दोन्ही दारांले आतून दोन-दोन कड्या. एक वर, एक खाली. लोखंडी पाह्यजे. हातानं हालवली त हालली नाई पाह्यजे.”

“बाथरूम हाये का तिजोरी?” हरीओम म्हणाला.

“बुढ्याले काई सुचून नाई राह्यलं,” दौलतरावांच्या बायकोने, गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला.

टेपचं दुसरं टोक त्यांच्या लेकीच्या, ज्योत्स्नाच्या हातात होतं. ती हसली नाही.

ती वाशीमच्या सासरहून दिवाळीला आली होती आणि अजून गेली नव्हती. हे गल्लीत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, घरात मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती दिवसभर पुस्तक धरून बसायची, पान उलटायची नाही. सकाळी न्हाणीत गेली की दाराला कडी लावायची, आणि मग भरलेली बादली फरशीवरून घासत आणून दाराला टेकवायची. “कडी हाये ना त्या दाराले, मंग बादली कायले ओढतं वं?” आई चुलीपासून ओरडायची. दौलतरावांची बाज न्हाणीच्या समोरच होती. बादलीचा घासण्याचा आवाज थांबला, की मगच ते तंबाखू मळायला घेत.

आताही प्लॉटवर टेप धरलेली असताना तिच्या दुसऱ्या हातातला फोन थरथरला. तिने तो पाहिला आणि खिशात टाकला. तो पुन्हा थरथरायला लागला.

“जवाई हायेत का?” दौलतरावांनी विचारलं.

“हो. रविवारी घ्यायले येतो म्हणतात.”

दौलतरावांनी कोठीच्या रेषेतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग डावा खांदा चोळत म्हणाले, “रामसिंग, आजच पुरं आखून घे.”

“दिवस बुडून राह्यला, मालक. उद्या करतो ना.”

“आजच.”

हवा गार होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. ज्योत्स्नाला तो दिसला. तिने टेप गुंडाळली आणि त्यांच्या मागोमाग घराकडे निघाली. दोघांनाही खूप काही विचारायचं होतं. गावची वेस येईपर्यंत दोघंही यंदाच्या थंडीबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बादली दाराला लावली, आंघोळ केली, बादली सरकवली आणि बाहेर आली. दौलतराव बाजेवर बसल्या जागी कलंडले होते. तंबाखू तळहातावर न मळता तशीच होती.

जावई त्याच दुपारी आला. तेरवीपर्यंत तो सगळ्यात पुढे होता. खांदा दिला, पंगतीत वाढलं, सासूच्या पाया पडला. “नशीब काढलं पोरीनं,” बाया म्हणाल्या. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाची बॅग त्याने स्वतः गाडीत ठेवली. तिने ठेवू दिली.

वाटेत प्लॉटवर हरीओम आणि गोजराबाई होते, म्हणून गाडी थांबली. वाऱ्याने फक्की उडाली होती आणि रामसिंग रेषा पुन्हा ओढत होता. ज्योत्स्ना आईचा निरोप घ्यायला उतरली. जावई गाडीतच बसून राहिला.

“कोठीतलं ते दार मिटवून टाक,” हरीओम सांगत होता. “बाबासंग त्यायचं येडही गेलं.”

रामसिंग मूठ भरून वाकला.

ज्योत्स्ना त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. पोत्यांना कशाला लागते एवढी मोठी खिडकी? खिडकी लागते ती राहणाऱ्या माणसाला. दोन कड्या, एक वर, एक खाली. हातानं हालवली त हालली नाई पाह्यजे. तिने पलीकडे पाहिलं, जिथे त्या दिवशी बाबा खांदा चोळत उभे होते. तिथे आता विटांचा ढीग होता.

गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, हलकेच. काच खाली करून जावई हसत म्हणाला, “चलतं ना? उशीर होऊन राह्यला.”

तो आवाज ऐकला की तिचे पाय आपोआप चालायला लागत. आजही लागले. पण ते गाडीकडे गेले नाहीत. ती रेषेतल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. रामसिंगच्या मुठीतली फक्की तिच्या पावलांवर पडली.

“बाजूले हो ना, ताई,” हरीओम म्हणाला. “रेष ओढू दे त्याले.”

“काय झालं वं माय?” गोजराबाई जवळ आल्या. “जवाई थांबले ना तिकडं.”

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

“तिकडच्या बाथरूमले कडी नाई, आई,” ज्योत्स्ना म्हणाली. “त्यायनं काढून फेकली.”