राळ्याच्या पेजेवरची साय

“तुमचा विश्वास बसायचा नाही, विहीणबाई, कुणाचाच बसायचा नाही,” चुलीत मक्याची दाणे काढलेली सुकी कणसं सारत हाओ म्हातारी म्हणाली, “पण आज या पेजेवर अशी साय धरली होती, की तिच्यावर पाट मांडून जेवायला बसावं!”

ताइहांगचा अख्खा डोंगर उतरून यान विहीण भल्या सकाळी आली होती. तिची तीनचाकी फाटकात उभी होती आणि तीत दोन जाड गोधड्या अंथरलेल्या होत्या. कशासाठी, ते म्हातारीला विचारावं लागलं नाही. महिना भरायच्या आत माहेरच्यांनी बाळंतीण उचलून नेली, की त्या घरावरून गाव पुढं सात वर्षं नाक मुरडत जातं.

चुलीच्या धगीनं तापलेल्या ओट्यावर सून युछिन डोक्याला फडकं बांधून, भिंतीकडं तोंड करून बसली होती. बाळंतपणाचा बारावा दिवस. तान्ही छातीला लागायची, सोडायची आणि किंचाळायची.

विहिणीनं हातातली पिशवी खाली ठेवली, सरळ पुढं होऊन कढईवरचं झाकण उचललं आणि पळी बुडवून वर धरली. पिवळं पाणी धारेनं खाली आलं. साय सोडाच, सायीची आठवणही नव्हती.

“हिला पेज म्हणता? हिच्यात मला माझं तोंड दिसतंय.”

“मग बरंच की. आरसा घ्यायला नको.”

“माझ्या पोरीला बारा दिवस दूध उतरत नाही, आणि तुम्हाला थट्टा सुचते! राळे कुठले घातलेत, कोंबड्यांपुढचे?”

“कोंबड्यांपुढचे?” म्हातारी उसळली. “घरचे आहेत, यंदाचे! एकदाच धुतले, दुसरं पाणी दाखवलं नाही. आधण आल्यावर टाकले. पळी घातली नाही, झाकण हलवलं नाही, तासभर नुसती मंद धग. तुमच्याकडं सोडा टाकून पेज दाट करतात, तसली थेरं इथं नाहीत. तीन घरं सोडून माझी लेक लान्हुआ याच महिन्यात बाळंत झाली, तिला दूध आवरत नाही. तुमच्या घराण्यातच दूध नाही, त्याला मी काय करू?”

“मग साय कुठं गेली? बाळंतिणीला दूध उतरतं ते त्या सायीनंच.”

म्हातारीची नजर कोबीच्या लोणच्याच्या रांजणामागं गेली, तिथल्या कडीच्या डब्याला शिवली आणि झटकन परत आली. तिनं मांडीवर थाप मारली. खोटं बोलायचंच तर लहान कशाला बोलायचं, हा तिचा जन्माचा नेम.

“तेच तर सांगतेय! धुराड्यातून एक चिमणी आत आली. काकडलेली बिचारी. उतरली ती थेट सायीवर. या काठापासून चालत निघाली, बुडाली नाही! मधोमध पोचली आणि पाय चिकटले. मग फडफडली, फडफडली, आणि उडाली की हो अख्खी साय घेऊन! पायांना रुमालासारखी लोंबत होती. मी फाटकाबाहेर धावले तिच्यामागं. हे बघा, अजून बूट ओले आहेत माझे.”

चुलीपुढं तिचे काळे कापडी बूट वाळत होते. त्यांच्या तळांना लागलेलं गोठलेलं दंव आता कुठं विरघळत होतं.

“आणि कालची साय?”

“तिनंच नेली.”

“परवाची?”

“चटावली ना मेली!”

विहिणीनं झाकण कढईवर आदळलं. “युछिन, ऊठ. पोरीला गुंडाळ.”

म्हातारी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. “महिन्याच्या आत उंबरा ओलांडला, तर परत या घरात पाऊल टाकू देणार नाही. खाणीतून पाळी संपवून हिचा नवरा येऊ दे, त्यालाही हेच सांगेन!”

“तिलाच विचारू,” विहीण ओट्याकडं वळली. “पोरी, तू सांग. सासू म्हणते ते खरं म्हणालीस, तर मी गाडी रिकामी नेते.”

“सांग गं बाळ माझी,” म्हातारीच्या तोंडून बारा दिवसांत पहिल्यांदा ‘बाळ’ निघालं. “सांग आईला, चिमणी येते की नाही?”

युछिननं भिंतीकडचं तोंड फिरवलं. किंचाळणाऱ्या पोरीला तिनं जवळच्या गोधडीत नीट गुंडाळलं, मगच बोलली.

“येते ना. बघितली नाही, पण रोज ऐकते. आई, पहाटे ती चिमणी पळीनं साय काढते, डब्याची कडी लावते आणि लान्हुआवन्संच्या घरी जाऊन येते.” तिनं चुलीकडं बोट केलं. “आणि जाताना ते बूट घालते.”